कूळ

डब्लिनच्या वाचनगृहात पेन चालत नाही,
फक्त शिसपेन्सिल.
कोट आणि पिशवी बाहेर ठेवून बसले आहे मी,
ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत फुप्फुसं गमावलेल्या
मॅलकी किंगची थोरली मुलगी.
बाप म्हणायचा, आपण किंग. राजे.
राजा रोज पहाटे डबा घेऊन
तीन हजार फूट खाली उतरायचा.

टेबलावरची सोरखा हळूच म्हणाली,
"तुमचं आडनाव चुकीचं भाषांतर आहे.
मूळ मॅक कोनरी. साहेबाच्या कारकुनाला
शेवटचं 'री' तेवढं ऐकू आलं,
आणि री म्हणजे राजा."
झालं. एका कानाने ऐकलं, एका टाकाने लिहिलं,
आणि चिखलात उभ्या माणसांना
राज्याभिषेक झाला.

मर्टी, तुला शोधणं सोपं नाही.
तुझ्या काळची खानेसुमारी
बावीस सालच्या जूनमध्ये जळाली.
दिवसभर शहरावर कागद पडत होते म्हणे,
कुणाच्या छपरावर बाप्तिस्मा,
कुणाच्या दुधाच्या बादलीत मृत्युपत्र.
आग कुणाची, यावर इथे अजून
दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं
एकाच घरात जेवायला बसतात.
नंतरच्या दोन खानेसुमारींचा
सरकारनेच लगदा केला. युद्ध होतं, कागद हवा होता.

तुझी सून मात्र भेटली.
१९०१: ब्रिजिट किंग, वय अठ्ठावन्न.
१९११: ब्रिजिट किंग, वय त्र्याहत्तर.
मी दोनदा बेरीज केली.
सोरखा हसली, "मध्ये पेन्शन आलं ना,
सत्तरीला, आठवड्याला पाच शिलिंग."
दहा वर्षांत पंधरा वर्षं म्हातारी झाली बाई!
उपाशी साली जन्मलेली.
तिची चार भावंडं ज्या राज्यात गेली
त्या राज्याकडून तिने
फक्त पाच वर्षं उसनी घेतली.
वाचता येतं का? नाही.
भाषा? आयरिश.
इंग्रजीचा शब्द पुढे जोडलेला नाही.

मग सारावसुलीची वही, १८५५.
लेटरगार्व्हचा उतार. जमीनदार, कर्नल लॅम्बर्न.
त्याच्याखाली बारीक अक्षरात: मर्टी किंग, कूळ.

कूळ शोधायला
समुद्र ओलांडून आले होते मी,
आणि कूळच सापडलं.
वर्षाच्या बोलीने, दुसऱ्याच्या मातीवर.
पुढचा रकाना: घर. एक.
त्यापुढचा: जमीन.
तिथे एक आडवी रेघ.

ती रेघ वाचायला मला दुपार लागली.
सत्तेचाळीस सालचा कायदा होता,
पाव एकराहून जास्त कसणाऱ्याला
सरकारी लापशी नाही.
जमीन सोड, मग वाडगं पुढे कर.
तू वाडगं पुढे केलंस.
म्हणून ब्रिजिटला नवरा मिळाला,
म्हणून मॅलकी, म्हणून ही पेन्सिल.
याला मी काय म्हणू?
हरलास म्हणू?

पावणेपाचला दिवे मंद करतात.
शेवटची वही सोरखाने स्वतःहून आणली,
कोर्टाची, कुत्र्यांच्या परवान्यांची.
माणसं मोजलेले कागद जळाले,
कुत्रे मोजलेले राहिले.

एप्रिल १८६९. मर्टी किंग, लेटरगार्व्ह.
एक कुत्रा, नर, काळा,
डावा पुढचा पाय पांढरा. मेंढ्यांसाठी.
दोन शिलिंग सहा पेन्स, रोख.

मेंढ्या तुझ्या नव्हत्याच.
तू सोडलेल्या उतारावर
कर्नलच्या मेंढ्या चरत होत्या
आणि तू त्या राखत होतास,
खिशातले अडीच शिलिंग भरून.

तुझ्या डोळ्यांचा रंग
या देशात कुठेही लिहिलेला नाही.
उंची नाही, आवाज नाही, सही म्हणून एक फुली.
पण तुझ्यापुढे धावणारा
तो पांढरा पाय मला आता नीट दिसतो,
ओल्या गवतात, वळून बघणारा.

कुत्र्याच्या नावाला रकाना नव्हता.
त्याला तू कोणत्या भाषेत हाक मारायचास
तेवढं मी ओळखते,
आणि ती मला येत नाही.